हवाबंद खिडकी

खिडकी बंद करण्याचं काम तिनं जेवणाच्या सुट्टीत उरकलं. पॅकिंगच्या टेबलाखालचं स्टूल आणलं, त्यावर रिकामा क्रेट उपडा ठेवला आणि भाचीला तो धरून ठेवायला सांगितलं. थर्माकोलचा तुकडा मापानं कापून आणलाच होता. तो चौकटीत ठोकून बसवला, वर जाड प्लास्टिक ताणलं आणि कडेनं रुंद टेप मारली. आधी उभी, मग आडवी, मग कोपऱ्यांवर पुन्हा. शेवटी अंगठ्याचं नख सगळ्या कडांवरून फिरवून पाहिलं. मासळीच्या खोक्यांचंही ती असंच करायची. तिनं बंद केलेलं खोकं उलटं धरलं तरी बर्फाचं पाणी गळत नसे, म्हणून लांब जाणारा माल तिच्याच टेबलावर यायचा.

"मावशी, आता मुंगीसुद्धा डोकावणार नाही," भाची खालून म्हणाली.

"मुंगीचं काय घेऊन बसलीस. हवासुद्धा जायची नाही."

मासळी आणि कोळंबी साफ करून, बर्फात भरून पाठवणारा तो कारखाना होता. आत कामाला बहुतेक बायका आणि बाहेर आवारात माल चढवायला पुरुष. पॅकिंगवाली बाई तिथली जुनी. बहिणीच्या मुलीला तिनंच कामाला लावलं होतं. भाची दिवसभर 'मावशी, मावशी' करायची, त्यामुळे बघता बघता सगळ्या हॉलची ती मावशी झाली. तिच्याहून वयानं मोठ्या बायकाही तिला मावशीच म्हणत.

बायकांची कपडे बदलायची खोली हॉलच्या मागच्या टोकाला होती. भिंतीला खुंट्या, मधे एक लांब बाक, आणि कोपऱ्यात दार असलेलं एकच न्हाणीघर. काम सुटलं की तिथं रांग लागायची. आंघोळ न करता घरी जायची कोणाचीच तयारी नसे, कारण बसमध्ये शेजारची माणसं उठून दुसरीकडे बसत. पूर्वी नळाला थंडगार पाणी होतं. बायकांनी तगादा लावल्यावर न्हाणीघरातच, भिंतीवर, गॅसचा गिझर बसला. त्या दिवशी सगळ्या खुश होत्या. सुपरवायझर म्हणाला होता, "आता घरचं गरम पाणी विसराल."

खिडकी गिझरच्या वरच्या अंगाला होती. काचेच्या तिरक्या पट्ट्यांची, कायम उघडी राहणारी. ती आवाराकडे होती. आवारात ट्रक मागे घेऊन लावत, आणि ताडपत्री बांधायला माणसं ट्रकच्या टपावर चढली की त्यांची डोकी बरोबर खिडकीच्या उंचीला येत. हे आधी भाचीच्या लक्षात आलं. केसांवरून पाणी ओतताना तिनं मान वर केली, तर पट्ट्यांच्या फटीत दोन डोळे होते. ते हलले नाहीत. तिनं ओरडायच्या आधी टॉवेल ओढला, आणि मग ओरडायचं राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर तिनं मावशीला एकटीलाच सांगितलं. मावशीनं बाकीच्यांना "आपल्याला बघतात" एवढंच सांगितलं. कोणाला बघितलं ते तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. बऱ्याच जणींना त्याचा आधीपासून अंदाज होता असं तेव्हा दिसून आलं. दोघीतिघी कपडे अंगावर ठेवूनच आंघोळ करत होत्या.

मावशी आणि आणखी दोघी सुपरवायझरकडे गेल्या. त्यातली एक कोळंबी सोलणारी थोराड बाई होती, तिला सगळ्या पैलवान म्हणत. सुपरवायझर डबा खात होता.

"खिडकी बंद करून घ्या ना मग," तो म्हणाला.

"पट्ट्या मिटत नाहीत. गंजल्यात," मावशी म्हणाली.

"मग काहीतरी लावा. मी काय तुमच्या न्हाणीघराबाहेर पहारा देत बसू? आणि ती पोरं काम करतात हो. त्यांना कुठला वेळ."

"टपावर चढून काम करतात," पैलवान म्हणाली. "हात ताडपत्रीवर आणि नजर खिडकीत."

सुपरवायझर हसला. "तुम्हाला बघितलं तर बघणाराच खाली पडेल." पैलवानही हसली, कारण तिथं तेवढंच करता येण्यासारखं होतं. तिघी परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी मावशीनं थर्माकोल कापलं.

त्यानंतर बरेच दिवस सगळं ठीक चाललं. बायका निवांत आंघोळ करू लागल्या. थंडी वाढली तसं गरम पाणी जास्त लागू लागलं आणि गिझर पहिलीपासून शेवटचीपर्यंत न थांबता जळू लागला. कोणाचं डोकं दुखायचं. एकदा पैलवान बाहेर येऊन बाकावर बसली आणि "गरगरतंय गं" म्हणाली. दिवसभर बर्फात हात आणि पोटात काही नाही, असं होणारच, असं सगळ्यांचं मत पडलं. एकीनं तिला शेंगदाणे दिले.

भाची नेहमी रांगेत शेवटी असे. शेवटी गेलं की मागून कोणी दार वाजवत नाही, असा तिचा हिशेब. ती आत गाणी म्हणायची, एकाच गाण्याच्या पहिल्या दोन ओळी, पुन्हा पुन्हा. बाहेर कपडे घालणाऱ्या बायका वैतागायच्या. "पुढचं पाठ कर की बाई," असं दाराला तोंड लावून सांगायच्या, आणि आतून तीच ओळ आणखी मोठ्यानं यायची.

त्या दिवशी तिनं केस धुवायला घेतले होते. गाणं चाललं होतं. मग ते थांबलं, आणि बाहेरच्यांना बरंच वाटलं. पाण्याचा आवाज येत होता. बायका एकेक करून निघाल्या. मावशी बाकावर बसून मोजे बदलत होती. भाचीबरोबरच ती घरी जायची. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. मग दार वाजवलं. मग पैलवानला हॉलच्या दारातून परत बोलावलं, आणि पैलवाननं खांद्यानं कडी तोडली.

पोर भिंतीला टेकून बसल्यासारखी होती. नळ चालू होता. गालांवर रंग होता, म्हणून मावशीला वाटलं, फक्त चक्कर आली आहे. बाकावर आडवं घालून दोघी पदरानं, टॉवेलानं वारा घालत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की गॅस जळताना हवा पुरली नाही तर विषारी वायू तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो, माणसाला झोप येते. "खिडकी नव्हती का तिथं?" त्यानं विचारलं.

मावशीनं तोंड उघडलं होतं. तिच्या आधी बरोबर आलेला सुपरवायझर म्हणाला, "आहे ना. उघडी खिडकी आहे."

संध्याकाळी पोलीस पाहायला आले तेव्हा खिडकी उघडी होती. थर्माकोल, प्लास्टिक, टेप यातलं काहीही जागेवर नव्हतं. पट्ट्याही काढून टाकल्या होत्या, नुसती चौकट राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मावशीला बोलावलं. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली.

"झालं ते फार वाईट झालं," तो म्हणाला. "मुलगी फार वेळ आत राहिली. पाणी चालू, गिझर चालू. बाकी इतक्या बायका रोज आंघोळ करतात, कोणाला काही झालं नाही."

"खिडकी..."

"खिडकीला कोणी काही लावलं होतं का, हे आम्हाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याच घरातली मुलगी. तुमच्यावर आणखी काही येऊ नये, असं मला वाटतं."

मावशी उठली. दारापाशी तिच्या तोंडून "बरं" असा शब्द गेला. पुढे कितीतरी दिवस तो तिला नको तेव्हा आठवत राहिला.

ताई, म्हणजे तिची मोठी बहीण, घरात जमिनीवर बसून असायची. लोक येत, बसत, जात. आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची. कारखान्यातून साहेब स्वतः आले होते. त्यांनी सांगितलं, मुलगी फार वेळ आत राहिली. "मी तिला लहानपणापासून सांगत आले, पाणी अंगावर घेत बसू नकोस. ऐकेल तर शपथ. एकदा तर मी बाहेरून नळच बंद केला होता." आणि मग हळू आवाजात, "बंद करत राहायला हवं होतं. सवय मोडली असती."

मावशी शेजारी बसून हे ऐकायची. चहा करून द्यायची, कप विसळायची. लोक म्हणत, बहीण असावी तर अशी.

न्हाणीघर पुन्हा सुरू झालं. गिझर 'तपासून घेतला' असं सांगण्यात आलं आणि कडी नवीन बसली. खिडकीच्या जागी भोक होतं. ट्रक पूर्वीसारखेच मागे येऊन लागत होते. पहिले एक-दोन दिवस कोणी आत गेलं नाही. मग एक गेली, मग सगळ्याच जाऊ लागल्या.

एका संध्याकाळी मावशी आत गेली तर खिडकीच्या भोकावर ओलं गोणपाट लटकत होतं. वर दोन खिळे, खाली दगड बांधलेला. तिनं ते ओढून काढलं आणि हातात घेऊन तशीच बाहेर आली.

"हे कोणी लावलं?"

पैलवान केस पुसत होती. "मी लावलं," ती म्हणाली. "दे इकडे."

"अगं, आत गॅस आहे."

"मला माहीत नाही होय? तिला बाहेर मी काढलं." पैलवाननं टॉवेल खांद्यावर टाकला. "गॅस दिसत नाही, मावशी. ती माणसं दिसतात. काल एकानं वरून विचारलं, पाणी गरम आहे का म्हणून."

"मग आंघोळ करू नका."

"तू सांग माझ्या नवऱ्याला. तो म्हणतो, दारातूनच वास येतो." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "लवकर लवकर करतो आम्ही. गाणी नाही म्हणत."

हे बोलून गेल्यावर पैलवानच्या लक्षात आलं. ती पुढे आली, मावशीच्या हातातलं गोणपाट काढून घेतलं आणि "तसं नव्हतं म्हणायचं मला" असं पुटपुटली. दुसऱ्या दिवशी गोणपाट पुन्हा खिळ्यांवर होतं. न्हाणीघरातून एक कोवळी मुलगी केस धुऊन बाहेर आली. ती भाचीच्या जागेवर नव्यानं लागलेली होती.

कारखाना निरीक्षक एकदा येऊन गेला होता. जबाब पुरे करायला तो पुन्हा येणार, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मावशी कामावरून सुटून बहिणीकडे गेली. घरात ताई एकटीच होती. डाळ निवडत होती, पण निवडलेली आणि न निवडलेली डाळ एकाच ताटात होती.

मावशी तिच्यासमोर बसली. "ताई, खिडकी उघडी नव्हती. मी बंद केली होती."

ताईनं वर पाहिलं.

"थर्माकोल बसवून टेप मारली होती. खोक्याला मारतात तशी. त्या संध्याकाळी कारखान्यातल्यांनी ते सगळं काढून टाकलं. पोर फार वेळ आत राहिली म्हणून गेली नाही. कोणीही गेलं असतं. तिचा नंबर शेवटचा होता."

ताईचा हात डाळीतच होता.

"कशाला बंद केलीस?"

मावशीनं सांगितलं. टपावरची माणसं, पट्ट्यांमधले डोळे, टॉवेल, आणि पोरीनं तिला एकटीलाच सांगितलेलं. सुपरवायझर काय म्हणाला तेही सांगितलं. सांगताना ती ताटाकडे पाहत होती.

"तिला बघितलं?" ताईनं विचारलं.

"हो."

"मला नाही बोलली ती."

"तू कामाला जाऊ दिलं नसतंस म्हणून."

ताईनं ताट बाजूला सारलं. ती रडेल असं मावशीला वाटलं होतं, किंवा अंगावर येईल असं. ताईनं जमिनीवर सांडलेली डाळ एकेक दाणा करून वेचायला घेतली.

"उद्या तपासणीचा साहेब येतोय," मावशी म्हणाली. "मी त्याला सांगणार आहे. तिथं पुन्हा गोणपाट लावलंय. पुन्हा एखादी जाईल."

"काय सांगशील?"

"सगळं."

"खिडकी तू बंद केलीस हे सांग. ते सांगायलाच पाहिजे तुला." ताईचा आवाज अगदी सपाट होता. "का केलीस ते सांगू नकोस."

"ताई, का ते नाही सांगितलं तर गोणपाट कशाला लावतात तेही..."

"तिला कोणीतरी उघडी बघितली, हे मी गावभर ऐकू? येणारे-जाणारे तेच बोलतील. तिचं बाकी काही आठवणार नाही कोणाला." ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. "जिवंतपणी झाकायला गेलीस आणि मारलीस. आता मेल्यावर तरी झाकून ठेव."

मावशी चपला हातात घेऊनच बाहेर पडली.

निरीक्षक आला तेव्हा मॅनेजरच्या खोलीत टेबलाभोवती तिघे होते. निरीक्षक, मॅनेजर आणि उभा असलेला सुपरवायझर. निरीक्षक थकलेला, कमी बोलणारा माणूस होता. मावशीचं वय आणि काम विचारून झाल्यावर त्यानं विचारलं, "खिडकीबद्दल काही माहीत आहे?"

"मी बंद केली होती. पूर्ण."

मॅनेजरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. निरीक्षकानं लिहायला सुरुवात केली आणि न थांबता विचारलं, "का?"

रात्रभर ती याच ठिकाणी येऊन अडत होती. आताही अडली. सुपरवायझर तिच्याकडे बघत होता. खिडकीतून आवारातला ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता.

"टपावरून माणसं आत बघत होती," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला."

सुपरवायझरच्या नाकातून आवाज निघाला. त्यानं तो खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. "यांना?" तो मॅनेजरकडे बघून म्हणाला. मॅनेजर टेबलाकडे बघत राहिला.

आपल्याला कोणी पाहिलं होतं का, हे मावशीला खरंच ठाऊक नव्हतं. त्या न्हाणीघरात तिनं कधी मान वर केली नव्हती. पण ती तिथंच, त्याच खिडकीखाली आंघोळ करत आली होती, त्यामुळे हे खोटं आहे असंही तिला वाटलं नाही.

"आंघोळ करताना मला बघत होते," तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी नीट, एकेक शब्द सुटा. "यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, काहीतरी लावा. मी लावलं."

"मी असं काही बोललेलो नाही," सुपरवायझर म्हणाला.

"तक्रारीच्या वेळी आणखी कोण होतं?"

तिनं दोघींची नावं सांगितली. त्यांना बोलावण्यात आलं. एक आली ती दारातच म्हणाली, "मला काही आठवत नाही." पैलवान रबरी बूट घालून तशीच आली होती, ॲप्रनवरून पाणी गळत होतं. आवारातली माणसं तिलाही बघत होती का, असं निरीक्षकानं विचारलं. ती बुटांकडे बघत राहिली. तिचा नवरा त्याच आवारात माल चढवायला होता, हे त्या खोलीत निरीक्षक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला त्यातलं काही माहीत नाही, साहेब," ती म्हणाली. मावशीकडे तिनं पाहिलं नाही. मग जाता जाता, दाराला हात लावून म्हणाली, "न्हाणीघराच्या खिडकीवर आज गोणपाट आहे. उगीच कोण कशाला लावेल. बघून या."

निरीक्षक उठला. सुपरवायझर "मी दाखवतो" म्हणत पुढे धावला, तेव्हा निरीक्षक म्हणाला, "तुम्ही इथंच थांबा." तो गेला, पाहून आला आणि बसून पुढचं लिहिलं. मावशीला त्यानं सही करायच्या जागेवर बोट ठेवून दाखवलं.

संध्याकाळी ती थेट ताईकडे गेली. ताईनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"का ते पण?"

"हो. पण तिचं नाही. मला बघत होते असं सांगितलं."

ताईला ते समजायला थोडा वेळ लागला. तिनं बहिणीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. पांढरे झालेले केस, बर्फानं तडकलेली बोटं, आज आंघोळ न केल्यामुळे अंगाला येणारा वास.

"हसले असतील."

"सुपरवायझर हसला."

ताईनं मान हलवली. "सध्या येऊ नकोस," ती म्हणाली. "मला तुझे हात बघवत नाहीत. मी बोलावीन तेव्हा ये."

गिझर आता भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि नळी आत घेतली आहे. खिडकी बुजवून पार छताला लागून नवीन केली, तिथं टपावरूनही नजर पोहोचत नाही. हे सगळं व्हायला थंडी संपली. अहवालात, खिडकी एका महिला कामगारानं परस्पर बंद केल्यानं अपघात झाला, असं आहे. मागच्या पानावर तिनं दिलेलं कारणही आहे. तिला लेखी ताकीद मिळाली. सुपरवायझरला बर्फाच्या विभागात हलवलं. आवारातून जाताना टपावरची पोरं अजून हाक मारतात, "मावशी, आज आंघोळ कितीला?" आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. पैलवानचा नवरा त्यांच्यात असतो. तो हसतो की नाही, हे मावशी वळून बघत नाही.

लांब जाणारी खोकी अजून तिच्याच टेबलावर येतात. ताईचं बोलावणं आलेलं नाही.